स्वयंपाकघरातला अणुबाँब

(एका वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत अहिल्यानगर येथे दिलेले व्याख्यान)

सभ्य स्त्री-पुरुषहो, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मित्रांनो,

ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या चक्रम विनोदावर नगरमध्ये व्याख्यान ठेवायचं ठरलं, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी सरळच विचारलं, "त्याचा आपल्या गावाशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. सुदैवाने उत्तरही तयार होतं. १६ एप्रिल १९१८ रोजी याच गावात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, ब्रिटिश फौजेतल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. तो पुण्यात कॉन्व्हेंट शाळेत शिकला, पुढे काही वर्षं रंगूनला राहिला आणि १९३३च्या सुमारास आईबापांबरोबर इंग्लंडला गेला. जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखतं. गेल्या सत्तर वर्षांत ब्रिटनमध्ये जो जो वेड्यासारखं वागून लोकांना हसवतो, तो कधी ना कधी या माणसाचं ऋण मान्य करतो. म्हणजे आज आपण परक्याच्या घरात डोकावणार आहोत खरे, पण त्या घराची एक किल्ली नगरची आहे.

आधी शब्दाचा निकाल लावू. समीक्षेत 'अतिवास्तव' असा एक भारदस्त शब्द आहे. चित्रांच्या प्रदर्शनात तो शोभतो. विनोदाच्या अंगावर मात्र तो थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखा दिसतो. आज आपण 'अतर्क्य विनोद' म्हणू. आणि सिटकॉम? तेच घर, तीच चार माणसं, तोच सोफा, अर्ध्या तासाची गोष्ट. आणि गोष्ट संपली की सगळे पुन्हा होते तिथेच.

आता गंमत पाहा. सिटकॉम ही मुळात साधी, घरगुती, वास्तव गोष्ट आहे असं आपण समजतो. आहे का ती वास्तव? त्या घराला तीनच भिंती असतात. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला कुणीच बसत नाही. गेल्या आठवड्यात घराला आग लागली होती, हे या आठवड्यात कुणाला आठवत नाही. शेजारी दार न वाजवता आत येतो आणि कुठूनतरी तीनशे माणसं हसतात. हे तुमच्या घरी घडलं तर तुम्ही डॉक्टरांना बोलावाल! तेव्हा अतर्क्य विनोद सिटकॉममध्ये बाहेरून आणलेला नाही. तो तिथे होताच, फक्त त्याच्याबद्दल बोलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. काही लोकांनी तो ठराव मोडला. ही आजची कथा.

कथा सुरू होते रेडिओवर. २८ मे १९५१ला बीबीसीने एक कार्यक्रम सुरू केला. नंतर तो 'द गून शो' म्हणून गाजला आणि जानेवारी १९६०पर्यंत चालला. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सिकम आणि सुरुवातीला मायकल बेंटीन. लिहिण्याचं मुख्य ओझं मिलिगनच्या खांद्यावर. तो तोफखान्यात होता, इटलीत १९४४ साली जखमी झालेला, मनाने पार हललेला. या कार्यक्रमाच्या धबडग्यात त्याला मानसिक आजाराने गाठलं आणि रुग्णालयात राहावं लागलं. हे सांगायचं कारण एवढंच की, हा विनोद कुणा सुखवस्तू माणसाच्या फावल्या वेळेतून आलेला नाही. तोफगोळा फुटताना ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला जगात तर्क किती आणि कुठवर असतो याची वेगळी कल्पना असते.

१९५५चा एक भाग घ्या. भोळसट नेडी सीगून पाच पौंडांसाठी एका करारावर सही करतो. काम काय? एक पियानो एका खोलीतून दुसरीकडे हलवायचा. सही झाल्यावर कळतं की पियानो नेपोलियनचा आहे आणि खोली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली आहे. मग तो पियानो तरंगवत, त्याच्यावर स्वार होऊन ही मंडळी समुद्र ओलांडायला निघतात. रेडिओवर याला खर्च किती? लाटांचा आवाज आणि पियानोचे दोन सूर. पियानो बुडेल की नाही याची काळजी श्रोत्यांनी आपापल्या डोक्यात करायची.

पण नीट ऐकलं तर लक्षात येतं, हसू पियानो तरंगतो म्हणून येत नाही. पियानोवर बसलेली माणसं करार, भाडं आणि पाच पौंड यांवर घासाघीस करत राहतात म्हणून येतं. अचाट गोष्ट घडते आणि घडल्यावर कुणीतरी चहा मागतं. हसू त्या चहाचं असतं. आज जे काही सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकीची उदाहरणं.

(एक कंस इथेच. त्या कार्यक्रमात मेजर ब्लडनॉक नावाचा एक निवृत्त फौजी अधिकारी आहे. हिंदुस्थानात नोकरी केलेला, भित्रा, पैसे खाणारा, आणि पोटाने कायमचा बिघडलेला. बीबीसीने १९५८ साली चमत्कारिक ध्वनी बनवण्यासाठी खास कार्यशाळा उघडली. तिच्या सुरुवातीच्या कामांत या मेजरसाहेबांच्या पोटातल्या गडगडाटाचा मान मोठा आहे. छावणीत वाढलेल्या पोराने साहेबाचं काय पाहिलं असेल, ते त्या आवाजात आहे.)

रेडिओवर जे कानाला फुकट मिळालं, ते पडद्यावर आणायचं कसं? एक मोठा प्रयत्न झाला १९६०च्या ऑक्टोबरात. ॲन्थनी न्यूली हा लोकप्रिय गायक-नट, मालिका 'द स्ट्रेंज वर्ल्ड ऑफ गर्नी स्लेड', भाग अवघे सहा. पहिल्या भागात नेहमीचं सिटकॉममधलं घर आहे. बैठकीची खोली, घरातली माणसं, त्यांची बडबड. एका माणसाची बोलायची पाळी येते. तो बोलत नाही. आतून कुणीतरी त्याला वाक्य सुचवतं. तो तरीही बोलत नाही. उठतो, कोट चढवतो, कॅमेऱ्यांच्या मधून वाट काढतो आणि चक्क स्टुडिओबाहेर रस्त्यावर निघून जातो. मागे बाकीचे नट गोंधळून उभे. पुढे तो कुत्र्याशी बोलतो, दगडाशी बोलतो. चौथ्या भागात त्याच्यावर खटला भरतात. गुन्हा काय, तर कार्यक्रम विनोदी नव्हता! शेवटी तो लाकडी बाहुला होतो.

प्रेक्षकांनी काय केलं? त्यांनी दुसरं काहीतरी लावलं. मालिका रात्री उशिराच्या वेळेवर ढकलली गेली आणि संपली. हा माणूस फार लवकर घराबाहेर पडला होता.

१९६९मध्ये मिलिगन बीबीसी टूवर 'क्यू फाइव्ह' घेऊन आला. नटांच्या कपड्यांवर कपडेपटाच्या चिठ्ठ्या तशाच लटकत. प्रवेश रंगात आला की मध्येच संपे, शेवटचा टोला नाही, काही नाही, पुढे काय करायचं हे नटांनाच ठाऊक नसल्यासारखं. या मालिकेचा दिग्दर्शक, इयन मॅकनॉटन, त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला सुरू झालेल्या 'मॉन्टी पायथन'कडे गेला, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण पायथन म्हणजे सुटे सुटे प्रवेश. तिथे वेडेपणाला घर नव्हतं, तो वाऱ्यावर होता. घरात नांदणारा वेडेपणा ही अधिक अवघड गोष्ट आहे. तो कुठे नांदला? तीन जागी. माणसाच्या डोक्यात, भाड्याच्या घरात आणि एका बेटावर. क्रमाने जाऊ.

पहिली जागा, डोकं.

८ सप्टेंबर १९७६. बीबीसी वन. 'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनाल्ड पेरिन'. लेखक डेव्हिड नॉब्ज, नट लेनर्ड रॉसिटर. रेजिनाल्ड पेरिन सेहेचाळीस वर्षांचा, 'सनशाइन डेझर्ट्स' नावाच्या गोड पदार्थांच्या कंपनीत अधिकारी. राहतो लंडनच्या बाहेर एका वसाहतीत, जिथल्या रस्त्यांना कोलरिज, टेनिसन, वर्ड्स्वर्थ अशा कवींची नावं आहेत. कवींच्या रस्त्यांनी रोज सकाळी एक माणूस बॅग आणि छत्री घेऊन स्टेशनवर जातो. गाडी रोज अकरा मिनिटं उशिरा. रोज कचेरीत पोचल्यावर तो त्या अकरा मिनिटांचं कारण सांगतो, आणि कारणं हळूहळू वाहवत जातात. आधी मनुष्यबळाची कमतरता, मग रुळांवरचं काहीबाही, मग मोकाट सुटलेली जनावरं. साहेब लोक ऐकून घेतात. अकरा मिनिटं मात्र हलत नाहीत. कंपनीच्या इमारतीवरच्या पाटीतली अक्षरं भागागणिक गळत जातात. तीही कुणी लावत नाही.

आणि आता तो पाणघोडा.

पेरिनची बायको म्हणते, रविवारी आईकडे जायचंय. वाक्य साधं. पण 'सासू' हा उल्लेख आला की पडद्यावर क्षणभर एक पाणघोडा येतो. चिखलातून डुलत डुलत चालणारा, खराखुरा, कुठल्यातरी प्राण्यांच्या चित्रपटातला. दोन सेकंद. लगेच पुन्हा बैठकीची खोली, बायको बोलतेच आहे, पेरिन सभ्यपणे मान हलवतो आहे. पाणघोडा तिला दिसलेला नाही. तो पेरिनला दिसला आणि आपल्याला.

सासूवरचा विनोद काही नवा नाही. इंग्रजांनी तो झिजेपर्यंत वापरला. मग इथे नवं काय? नवं हे की विनोद कुणी बोललेलाच नाही. पेरिन शब्दही काढत नाही. पुढच्या वेळी 'सासू' म्हटल्याबरोबर प्रेक्षक आधीच हसायला लागतात, म्हणजे पाणघोडा आता त्यांच्याही डोक्यात राहायला आलेला असतो! डोक्यात पाणघोडा आणि चेहऱ्यावर सभ्यता, हे किती दिवस चालेल? चालत नाही. पेरिन समुद्रकिनाऱ्यावर कपडे काढून ठेवतो, आत्महत्येचा देखावा करतो, आणि दुसऱ्या नावाने, दुसऱ्या वेशात परत येऊन आपल्याच बायकोशी लग्न करतो.

दुसऱ्या मालिकेत तो 'ग्रॉट' नावाचं दुकान काढतो. दुकानाचं धोरण एकच, प्रत्येक वस्तू निरुपयोगी हवी. चौकोनी कडी, जावयाने घरी केलेली न पिण्याजोगी वाइन. हेतू हा की दुकान बुडावं. दुकान धो धो चालतं. शाखा निघतात. जुने साहेब नोकरी मागायला येतात. इथे पाणघोड्याची गरज उरत नाही, कारण आता गिऱ्हाइकंच अतर्क्य वागू लागलेली असतात, आणि तीही अगदी रांगेत उभी राहून.

दुसरी जागा, घर.

सत्तरच्या दशकात 'द गुडीज' नावाच्या मालिकेने लंडनच्या पोस्ट ऑफिस टॉवरवर अवाढव्य मांजराचं पिल्लू चढवलं होतं आणि त्याच्या सुधारित आवृत्तीला १९७२ साली माँत्र महोत्सवात रुपेरी गुलाब मिळाला होता. पण तिथे गाव हादरतं, लोक पळतात. आपल्याला हवं आहे ते हादरत नसलेलं घर. ते मिळालं ९ नोव्हेंबर १९८२ला, बीबीसी टूवर, 'द यंग वन्स'मध्ये. रिक मेयल, एड्रियन एडमंडसन, नायजेल प्लेनर, क्रिस्टोफर रायन हे चार विद्यार्थी आणि एक गळकं भाड्याचं घर. ॲलेक्सी सेल घरमालक आणि त्याच्या नातेवाइकांची सोंगं घेऊन येतो. लेखन मेयल, लिझ मेयर आणि बेन एल्टन यांचं. भाग फक्त बारा.

या घराच्या अर्थकारणाचा एक किस्सा फार बोलका आहे. बहुतेक प्रत्येक भागात कुणीतरी गाण्याचा बँड येऊन वाजवतो, कारण नसताना, थेट बैठकीच्या खोलीतसुद्धा. एकदा 'मोटरहेड' आले, दोनदा 'मॅडनेस'. कशासाठी? संगीत असलं की बीबीसीच्या हिशेबात कार्यक्रम 'व्हरायटी' या खात्यात जमा होई, आणि त्या खात्याला सिटकॉमपेक्षा पैसे जास्त. म्हणजे सोफ्याशेजारी अचानक ड्रम वाजू लागतात ही जी अतर्क्य गोष्ट, तिच्यामागे एका कारकुनाची वही आहे. याहून अतर्क्य काय असणार?

त्यातला एक भाग जवळून पाहू. छप्पर फोडून एक अणुबाँब स्वयंपाकघरात येऊन पडतो. न फुटलेला. आता चौघांनी काय करावं? रिक, जो स्वतःला क्रांतिकारक समजतो, तो या बाँबच्या जोरावर सरकारला धमकी द्यायची म्हणून पोस्टात तार करायला जातो. आणि तिथे रांग असते. चौघांतला व्हिव्हियन बाँब फोडायच्या मागे लागतो. नील, बिचारा सरळमार्गी हिप्पी, सरकारी पुस्तिका वाचून त्याबरहुकूम वागतो आणि किरणांपासून वाचण्यासाठी स्वतःला पांढरा रंग फासतो. तेवढ्यात दार वाजतं. दारात टीव्हीचा परवाना तपासणारा माणूस. घराला परवाना नाही. आता खरी घबराट! बाँब बाजूला राहतो. व्हिव्हियन पुरावा नष्ट करण्यासाठी टीव्ही खाऊन टाकतो, वायर तोंडातून लोंबते आहे.

थांबा, इथे एक गोष्ट सांगायची राहील. ती पुस्तिका लेखकांनी रचलेली नव्हती. ब्रिटिश सरकारने १९८० साली 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' या नावाची पुस्तिका खरोखरच प्रसिद्ध केली होती. घरातली दारं काढून भिंतीला तिरपी लावा, त्याखाली आसरा घ्या, खिडक्यांना पांढरा रंग द्या, असा तिचा उपदेश. नीलने फक्त खिडकीच्या जागी स्वतःला धरलं. आता सांगा, वेडा कोण? मालिका की पुस्तिका?

आणखी एका भागात हे चौघे दिवसभर कंटाळलेले आहेत. काहीच घडत नाही म्हणून कुरकुर चालू आहे. त्यांच्या पाठीमागे, बाजूला, शेजारच्या खोलीत एकामागून एक अचाट गोष्टी घडत असतात आणि चौघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष जात नाही. पियानोवरचा सीगून जे श्रोत्यांच्या कानांसाठी करत होता, ते इथे डोळ्यांदेखत चालतं.

तिसरी जागा, बेट.

२१ एप्रिल १९९५पासून चॅनल फोरवर 'फादर टेड' सुरू झाली. वाहिनी ब्रिटिश, चित्रण घरातलं लंडनच्या स्टुडिओत प्रेक्षकांसमोर, बाहेरचं आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, लेखक ग्रॅहम लिनेहन आणि आर्थर मॅथ्यूज दोघेही आयरिश. क्रॅगी आयलंड नावाच्या बेटावर तीन पाद्री हद्दपारीत राहतात. टेडने कुठल्याशा दानाचे पैसे खाल्ले असावेत, डूगल पोरासारखा निर्बुद्ध, म्हातारा जॅक दारूत बुडालेला. आणि चहाचा कप घेऊन मागे लागणाऱ्या मिसेस डॉइल. बेटाला पश्चिम बाजूच नाही, ती वाहून गेली, असं तिथे सहज सांगितलं जातं. कारवाँमध्ये पावसात अडकलेला टेड हातात खेळण्यातल्या गायी घेऊन डूगलला समजावतो की या गायी लहान आहेत आणि खिडकीबाहेरच्या गायी दूर आहेत. डूगलला ते पटत नाही. त्याच्या परीने तो बरोबरच आहे.

पण या मालिकेचं शिखर दुसरं आहे. पैज हरल्यामुळे टेडला बिशप ब्रेननच्या पार्श्वभागावर लाथ मारायची आहे. बिशप म्हणजे साक्षात संताप. टेड धीर करतो आणि मारतो. मग? मग टेड असा उभा राहतो की जणू काही घडलेलंच नाही. साळसूद चेहरा, शांत बोलणं. बिशप थिजतो. सामान्य पाद्री आपल्याला लाथ मारूच शकत नाही, म्हणजे त्याने मारलेली नाही, असं त्याचं डोकं ठरवून टाकतं. तो तसाच निघून जातो. रोमला पोचतो. पोपच्या पुढ्यात उभा असताना अचानक त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. मारली होती! परतीच्या प्रवासाला लागतो. टेड अजूनही नाकबूल. आणि बाहेर डूगलने लाथेच्या क्षणाचा फोटो भिंतीएवढा मोठा करून आणलेला.

इथे पाहा काय झालं. घरातल्यांनी दखल न घेणं ही इतके दिवस लेखकांची युक्ती होती. टेडने ती स्वतःच वापरली, आणि ज्याला लाथ बसली त्यालाच ती बसली नाही असं पटवलं.

आणि हे आयर्लंडमध्येच का सुचलं? मालिकेतल्या या बिशपला अमेरिकेत एक लपवलेला मुलगा आहे. मालिकेच्या तीन वर्षं आधी, मे १९९२मध्ये, गॉलवेचे बिशप एमन केसी यांनी राजीनामा दिला होता, आणि त्यांना अमेरिकेत मुलगा असल्याचं उघड झालं होतं. साऱ्या देशाने वर्षानुवर्षं एका संस्थेसमोर साळसूद चेहरा ठेवला होता. लेखकांना फार काही रचावं लागलं नाही. टेड झालेला डर्मट मॉर्गन शेवटच्या भागाचं चित्रण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला.

मग हा विनोद कधी पडतच नाही का? पडतो, आणि आपल्या नगरच्या माणसाच्या हातूनही पडला. १९६९ साली 'करी अँड चिप्स' या मालिकेत मिलिगनने तोंडाला गडद रंग लावून पाकिस्तानी-आयरिश कामगाराचं सोंग आणलं. गदारोळ झाला, सहा भागांत मालिका बंद पडली. तिथे कुणी चहा मागत नव्हतं. घरातली सगळी माणसं एकाच माणसाकडे बोट दाखवून हसत होती. उलट, २००४मध्ये बीबीसी थ्रीवर आलेल्या 'द माइटी बूश'मध्ये चंद्र बोलतो, गोरिला घरात वावरतो, कशालाच काही धरबंद नाही. तरी ती मालिका उभी राहते, कारण हॉवर्ड आणि व्हिन्स हे दोन मित्र त्या सगळ्यात केसांवरून आणि गाण्यांवरून आपले नेहमीसारखे भांडत असतात.

शेवटी पुन्हा मिलिगनकडे. २७ फेब्रुवारी २००२ला तो गेला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. आपण आजारी असल्याचं आपण आधीच सांगितलं होतं, अशा अर्थाचा मजकूर थडग्यावर हवा, ही त्याची जुनी इच्छा. चर्चच्या अधिकाऱ्यांना तो मजकूर इंग्रजीत मान्य होईना. वाटाघाटी झाल्या. अखेर आयरिश भाषेत लिहिला तर चालेल असं ठरलं. त्याप्रमाणे दगड घडवला, उभा केला. त्या आवारात येणाऱ्या बहुतेक इंग्रजांना तो वाचता येत नाही, त्यामुळे कुणाचीच हरकत नाही.

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. बाहेर चहा तयार आहे असं संयोजक मघापासून खुणेने सांगताहेत.